व्हेंडिंग मशीनच्या प्रदर्शनात स्टॉल कसे पारखायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्वतःची चौदा मशीन चालू आहेत, आणखी दहा घ्यायची आहेत. व्हेंडिंगच्या एका मोठ्या प्रदर्शनाला पहिल्यांदाच जाताय, प्रदर्शकांच्या यादीत दोनशेच्या वर नावं आहेत आणि हातात दोन दिवस. कुठले स्टॉल बघावेत, आणि ‘प्रदर्शनापुरती खास सूट’ म्हणतात ती खरी असते का? जाता जाता असंही विचारलंय, की पुढच्या खेपेला आपणच एक छोटा स्टॉल घ्यावा का.

मी या धंद्यात शिरलो तो मशीन दुरुस्त करणारा म्हणून. मग काही वर्षं स्वतःची मशीन चालवली, आणि मधली सहा वर्षं मशीन बनवणाऱ्या एका कंपनीतर्फे स्टॉलवर उभा राहिलो. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू बघून झाल्यात. स्टॉलवर आम्ही काय झाकायचो तेही सांगतो, आता सांगायला हरकत नाही.

दोनशे नावांतून पंधरा काढणं ही तुमची खरी अडचण नाही. यादी आणि पेन्सिल घेऊन बसलात तर तासाभरात होईल. अडचण ही, की प्रदर्शनात मशीन ज्या थाटात दिसतं तसं ते तुम्हाला पुन्हा कधी दिसणार नाही. नवंकोरं, पुसून लखलखीत केलेलं, पाणसळ लावून सपाट जमिनीवर उभं केलेलं, आणि शेजारी कंपनीचा इंजिनिअर. तुमच्याकडे तेच मशीन जिन्याखालच्या बोळात उभं राहणार, घाईघाईत ठासून भरलं जाणार, धूळ खाणार, आणि पैसे अडकले की लोक त्याला गदागदा हलवणार. तेव्हा स्टॉलवर उभं राहून सहा महिन्यांनंतरचं मशीन कसं बघायचं, एवढाच प्रश्न आहे.

बरंच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती तुम्ही लिहिलेली नाही. नवी दहा मशीन इमारतीच्या आत ठेवणार की बाहेर, ऊन-पावसात? आत काय विकणार: बाटल्या, कोरडी पाकिटं की नाशवंत पदार्थ? गिऱ्हाईक पैसे कशाने देतं: नाणी, नोटा, कार्ड की फोन? आणि सगळ्यात मोठी गोष्ट, दुरुस्ती कोण करतं? स्वतः स्क्रू ड्रायव्हर हातात घेत असाल तर पुढचं दाराबद्दलचं सगळं नीट वाचा. डीलरच्या माणसावर अवलंबून असाल तर मशीनपेक्षा डीलर कोण, हे जास्त महत्त्वाचं. नाशवंत पदार्थ असतील तर आणखी एक चौकशी करा: आतलं तापमान 5 अंश सेल्सिअसच्या वर ठरावीक वेळ राहिलं तर मशीन स्वतःहून विक्री बंद करतं का? याला धंद्यात हेल्थ लॉक म्हणतात. फक्त कोरडी पाकिटं विकणार असाल तर याच्याशी तुमचा काही संबंध नाही.

कुठलं प्रदर्शन, यावरही फरक पडतो. मिलानचं व्हेन्डिटालिया दोन वर्षांतून एकदा भरतं, तिथे कॉफी आणि गरम पेयांच्या मशीनचा जोर. अमेरिकेतल्या व्हेंडिंगवाल्यांच्या नामा या संघटनेचं प्रदर्शन दरवर्षी भरतं, तिथे मशीनइतकेच खाद्यपदार्थ बनवणारे आणि कपाट उघडून माल उचला, मग स्वतःच पैसे भरा, अशा मायक्रो मार्केटवाले दिसतात. थंड पेयांची मशीन शोधणाऱ्याने पहिल्या ठिकाणी दोन दिवस कॉफी चाखत फिरण्यात अर्थ नाही.

आता प्रदर्शक. यादीत सगळे एकाच रांगेत छापलेले असतात, पण त्यांचे धंदे वेगवेगळे. मशीन बनवणारे. दुसऱ्याचं मशीन आणून विकणारे. कार्ड रीडर आणि टेलिमेट्रीवाले, म्हणजे मशीनची विक्री आणि बिघाड दुरून कळवणारी यंत्रं देणारे. नाणी-नोटांचे भाग बनवणारे. जुनी मशीन नवी करून देणारे. माल पुरवणारे. सॉफ्टवेअरवाले. तुम्हाला यातले पहिले तीन आणि जुनी मशीन नवी करणारे हवेत. बाकीच्यांकडे पाय मोकळे करायला जा. जुन्यावाल्यांना नवखे लोक टाळतात, ते चुकीचं आहे. कुठलं मशीन दहा वर्षांनी परत उभं करता येतं आणि कुठलं भंगारात जातं, हे त्या स्टॉलवरच्या माणसाइतकं दुसऱ्या कोणाला माहीत नसतं. त्याच्याशी अर्धा तास बोला, आणि कुठल्या मशीनला तो हात लावत नाही ते विचारा.

बनवणारा आणि आणून विकणारा यांत मात्र गोंधळ होतो, कारण दोघांच्याही फलकावर ‘उत्पादक’ लिहिलेलं असतं. एकच मशीन तीन स्टॉलवर तीन नावांनी, तीन रंगांत उभं असलेलं मी कित्येकदा पाहिलंय. रंगाकडे बघू नका. मागच्या बाजूला किंवा दाराच्या आतल्या कडेला धातूची नाहीतर चिकटवलेली पट्टी असते, तिच्यावर मॉडेल, अनुक्रमांक, व्होल्टेज, अँपिअर, थंड करणारा वायू आणि त्याचं वजन लिहिलेलं असतं. तिन्ही ठिकाणी त्या पट्टीचा फोटो काढा. संध्याकाळी खोलीवर तिन्ही फोटो शेजारी ठेवलेत की कोण कोणाकडून घेतो ते कळतं. वायू आर-134ए आहे की आर-290, हेही तिथेच दिसेल. पहिल्याची हवा तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या 1430 पट धरतात, दुसऱ्याची तीनेक पट, म्हणून नवी मशीन दुसऱ्याकडे वळत आहेत. पण आर-290 म्हणजे प्रोपेन, पेट घेणारा. तुमच्या दुरुस्तीवाल्याला तो हाताळायचं प्रशिक्षण आहे का, ते घरी विचारून निघा. नसेल तर पहिल्या गळतीला तुम्ही अडकाल.

यानंतर दार. स्टॉलवर गेल्या गेल्या किंमत विचारू नका. ‘जरा दार उघडता का?’ एवढंच म्हणा. ‘किल्ली इंजिनिअरकडे आहे, तो जेवायला गेलाय,’ असं उत्तर आलं तर वेळ विचारून घ्या आणि त्या वेळी परत या. दोनदा जेवायला गेला तर पुढच्या स्टॉलवर जा.

दार उघडलं की ते काटकोनात पूर्ण उघडा आणि हँडलच्या बाजूची खालची कड हाताने किंचित वर उचलून बघा. नव्या मशीनचं दार उचलताना लुटलुटत असेल तर वर्षभरात ते खाली बसणार आणि कुलूप जुळेनासं होणार. मग बिजागरीशी वाका. मशीनच्या खोक्यातून दारात जाणाऱ्या सगळ्या तारा तिथून वळतात, आणि दर वेळी दार उघडताना मुडपतात. तारा तुटण्याची माझ्या अनुभवातली पहिली जागा हीच. तिथे तारांना पुरेशी ढील आहे का, नळीत घातल्यात का, की नुसती चिकटपट्टी गुंडाळलीय? प्रत्येक कनेक्टरवर नाव किंवा आकडा आहे का? रात्री नऊ वाजता एका हातात बॅटरी धरून काम करावं लागलं, की त्या आकड्यांची किंमत कळते.

दाराच्या रबरी गॅस्केटमध्ये कागदाची पट्टी धरून दार बंद करा आणि पट्टी ओढा. अलगद निघून आली तर तिथून थंडावा जातो. हे चारही बाजूंनी करा, विशेषतः खालच्या कोपऱ्यांत. स्टॉलवाले बघत राहतात, बघू देत.

मग एक ट्रे बाहेर ओढा. माल भरायला तो पुढे झुकतो का? ट्रे आत ढकलल्यावर मागचा कनेक्टर आपोआप बसतो की हात घालून लावावा लागतो? इंजिनिअरला म्हणा, ‘यातली एक मोटर काढून परत बसवून दाखवा,’ आणि घड्याळ बघा. चांगल्या मशीनमध्ये हे काम दोनएक मिनिटांत, हत्याराशिवाय होतं. मी एकदा एका स्टॉलवर हेच करायला सांगितलं तेव्हा त्या बिचाऱ्याने आधी ट्रे काढला, मग खालचा पत्रा, मग सहा स्क्रू, आणि सातवा स्क्रू मशीनच्या पोटात पडला. सेल्सवाला तोवर मला कॉफी देत होता.

थंड करणारा भाग खाली असतो. तो अख्खा एका तुकड्यात सरकून बाहेर येतो का? येत असेल तर बिघडलेला काढून दुसरा घालता येतो, मशीन जागेवरच राहतं. उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या जाळीपर्यंत ब्रश पोचतो का? ती जाळी धुळीने भरली की कंप्रेसर धापा टाकतो आणि मरतो, आणि मशीनचा मागचा भाग भिंतीकडे असेल तर महिनोन्‌महिने ती कोणी साफ करत नाही. जाळी पुढून साफ करता येणारं मशीन घ्या. आणि हो, स्टॉलवर कंप्रेसर बहुतेक वेळा बंदच असतो. आवाजाने बोलता येत नाही म्हणून आम्हीही बंद ठेवायचो, आतला पंखा आणि दिवे तेवढे चालू. चालू करायला लावा आणि बाजूच्या पत्र्यावर तळहात ठेवा. थरथर जाणवलीच तर ती कमी व्हायची नाही.

आता माल. आपला स्वतःचा माल पिशवीत घालून न्या, तुमच्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त अडकणाऱ्या सहा-सात वस्तू. आमच्या स्टॉलवर डेमोला काय ठेवायचो माहितीय? एकाच मापाची कडक खोकी. ती स्पायरल स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये ताठ उभी राहतात, स्प्रिंग एक फेरा फिरली की टपकन पडतात. हवा भरलेलं फुगीर पाकीट तसं वागत नाही. ते वेढ्यांना चिकटतं, वाकडं होतं, खालच्या ट्रेच्या कडेवर जाऊन बसतं. मऊ पाऊच त्याहून वाईट, ते लोंबकळतं.

एका प्रदर्शनात दुसऱ्या दिवशी सकाळी एक वयस्कर गृहस्थ कापडी पिशवी घेऊन आले. काही न विचारता त्यांनी पिशवीतून पाच मऊ पाऊच काढले आणि म्हणाले, ‘हे भरा.’ भरले. पहिले दोन पडले. तिसरा अर्धा बाहेर येऊन तसाच लटकला, आणि स्टॉलभोवती उभ्या आठ-दहा जणांनी तो लटकलेला बघितला. माझ्या साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता. गृहस्थांनी वहीत काहीतरी लिहिलं, आभार मानले आणि निघून गेले. आम्ही परत आल्यावर त्या मॉडेलच्या स्प्रिंगच्या टोकाला प्लास्टिकचा ढकलणारा तुकडा बसवला. पुढच्या प्रदर्शनात ते पुन्हा आले, तीच पिशवी घेऊन. या वेळी पाचही पडले, तरी त्यांनी एकच मशीन घेतलं.

त्यांनी केली नाही अशी एक परीक्षा मी सांगतो: रिकाम्या खान्याची. एका खान्यात काहीही न भरता तो नंबर दाबा. माल पडायच्या जागी आडवा इन्फ्रारेड किरणांचा पडदा असतो. काही पडलं नाही हे त्याला कळलं तर मोटर आणखी थोडी फिरते, तरीही काही नाही तर पैसे परत. हे खरोखर होतं का ते बघा. नंतर सगळ्यात हलकं पाकीट टाकून बघा, कारण काही पडदे हलकी आणि पातळ वस्तू पडली तरी चुकवतात, आणि मग माल पडूनही पैसे परत जातात. तोटा दोन्हीकडून. काचेच्या बाटल्या विकायच्या असतील तर लिफ्टवालं मशीन बघावं लागेल, माल खाली न पाडता हळूच आणून ठेवणारं. दिसायला सुंदर. पण हलणारा प्रत्येक भाग कधीतरी थांबतो, आणि लिफ्ट थांबली की एक खाना बंद पडत नाही, अख्खं मशीन बंद पडतं. सगळी कोरडी पाकिटंच विकायची असतील तर मी लिफ्ट घेणार नाही.

पैशांचा भाग आता जरा सविस्तर सांगतो, कारण नवी मशीन घेणाऱ्याला सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो.

नाणी घेऊन सुटे देणारा चेंजर, नोट पारखणारा व्हॅलिडेटर आणि कार्ड रीडर हे तिन्ही मशीनच्या कंट्रोल बोर्डाशी, म्हणजे मशीनच्या मेंदूशी, एकाच तारेवरून बोलतात. त्या बोलण्याच्या पद्धतीला एमडीबी, म्हणजे मल्टी ड्रॉप बस, म्हणतात. नामाने तिचं मानक ठेवलंय. बोर्ड मास्तर आणि बाकीची पोरं: बोर्ड प्रत्येकाला त्याच्या नंबराने हाक मारतो, चेंजरला 08, रीडरला 10, व्हॅलिडेटरला 30, आणि ज्याची हाक त्याने 5 मिलिसेकंदांत ‘हजर’ म्हणायचं. वेग सेकंदाला 9600 बिट, म्हणजे आजच्या हिशेबाने बैलगाडी, पण दणकट. पद्धत सर्वांची एकच असल्यामुळे कुठलंही रीडर कुठल्याही मशीनला चालायला हवं.

‘एमडीबी आहे’ असं त्यामुळे प्रत्येक स्टॉलवर सांगतात आणि ते खोटं नसतं. पण मानकातल्या कार्डच्या भागात तीन पातळ्या आहेत, आणि कित्येक गोष्टी ऐच्छिक. आधी माल निवडायचा आणि मग कार्ड टेकवायचं, अशी सोय हवी असेल तर बोर्ड आणि रीडर दोघांनाही तिसऱ्या पातळीची ‘ऑलवेज आयडल’ ही ऐच्छिक सोय यायला हवी. एकाला येते आणि दुसऱ्याला नाही, असं झालं की गिऱ्हाईक मशीनपुढे गोंधळून उभं राहतं. माल पडला नाही तर ‘विक्री फसली’ हा निरोप बोर्डाने रीडरला द्यायचा असतो आणि रीडरने कार्डावर अडवून ठेवलेले पैसे सोडायचे असतात. बोर्डाने तो निरोप दिलाच नाही, तर पैसे कापले जातात आणि तुमचा फोन वाजतो.

आता स्टॉलवर काय असतं? बहुतेक डेमो मशीन फुकट विक्रीवर लावलेली असतात. बटण दाबा, माल घ्या, मजा करा. म्हणजे पैशांचा भाग तिथे चालतच नाही. रीडर दारावर दिमाखात बसवलेला असतो, दिवाही लागलेला असतो, आणि कधी कधी त्याची तार कुठेच जात नाही. दार उघडलंच आहे तर तेही बघून घ्या.

बिघाड झाला की मशीनवाला म्हणतो, ‘रीडरमध्ये दोष आहे, त्यांना फोन करा.’ रीडरवाला म्हणतो, ‘मशीनचं फर्मवेअर, म्हणजे बोर्डातला प्रोग्राम, जुनं आहे, त्यांना फोन करा.’ या दोन फोनांच्या मध्ये मी आयुष्यातले कित्येक दिवस घालवलेत. प्रदर्शन ही एकच जागा, जिथे ही दोन माणसं पन्नास पावलांवर उभी असतात. तुम्ही जो रीडर वापरता किंवा घेणार आहात, त्या स्टॉलवर जा आणि म्हणा, ‘अमुक मशीनला तुमचा रीडर लावून दाखवा, मला त्याची दहा हवीत.’ त्यांचा माणूस रीडर घेऊन तुमच्याबरोबर येतो. खरंच येतो, कारण त्यालाही त्या मशीनवाल्याशी ओळख हवीच असते. दोघांच्या देखत फुकट विक्री बंद करायला लावा, दर लावायला लावा, कार्ड टेकवा, रिकामा खाना निवडा, आणि पैसे परत जातात का ते बघा. जमलं नाही तर दोघं एकमेकांकडे बघतील. पुढची दहा मिनिटं गप्प उभे राहून ऐका. दोष कोणाचा, फर्मवेअरचा कुठला आकडा लागतो, तो कधी येणार, सगळं तुमच्या कानावर पडेल. हे काम फोनवर वर्षभरात व्हायचं नाही. दोनशे स्टॉलपैकी बाकी एकही बघितला नाहीत आणि एवढंच करून आलात तरी तिकिटाचे पैसे वसूल.

यात एक सबब मात्र खरी असते. ‘हॉलमध्ये नेटवर्क मिळत नाही’ असं रीडरवाले म्हणतात तेव्हा विश्वास ठेवा. हजारो फोन एका छपराखाली आले की छोट्या सिमवर चालणाऱ्या रीडरला जागा मिळत नाही. सकाळी दारं उघडताना जा, तेव्हा चालतं.

टेलिमेट्रीवाले पडद्यावर सुंदर आलेख दाखवतात. आलेख सगळ्यांचेच सुंदर असतात. तुम्ही दोन गोष्टी विचारा. यंत्रात मोडेम कुठल्या पिढीचा आहे? अमेरिकेत 2022 मध्ये मोठ्या मोबाइल कंपन्यांनी थ्री-जी बंद केलं तेव्हा जुनी यंत्रं मुकी झाली आणि ऑपरेटरांना, म्हणजे तुमच्यासारख्या मशीन चालवणाऱ्यांना, ती बदलावी लागली. दुसरं, माझा विक्रीचा हिशेब मला साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येईल का? या क्षेत्रात कंपन्या एकमेकींना गिळत असतात. नाणी-नोटांचे भाग बनवणारी एमईआय ही कंपनी 2013 मध्ये क्रेन या कंपनीकडे गेली. कार्ड रीडरवाल्या यूएसए टेक्नॉलॉजीजने 2017 मध्ये टेलिमेट्रीवाली कॅन्टलूप सिस्टिम्स घेतली आणि 2021 मध्ये स्वतःचंच नाव कॅन्टलूप करून टाकलं. यात वाईट काही नाही, पण आज ज्या पोर्टलवर तुमचा हिशेब आहे ते पाच वर्षांनी त्याच नावाने, त्याच दराने असेल असं धरून चालू नका.

सुट्या भागांबद्दल माझी स्वतःची चूक सांगतो. एका प्रदर्शनात मी एका डीलरकडून बारा मशीन एकदम घेतली होती. मशीन चांगली होती, आजही तेच म्हणेन. चौथ्या महिन्यात एकाचा कंट्रोल बोर्ड गेला. डीलरकडे बोर्ड नव्हता, तो मूळ कारखान्याकडून यायचा होता, आणि यायला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत मशीन चादर टाकून उभं होतं. पाचव्या आठवड्यात जागेच्या मालकांनी शेजारी दुसऱ्या ऑपरेटरचं मशीन आणून ठेवलं. बोर्ड आला तेव्हा ती जागा माझी राहिली नव्हती. डीलर माझ्याशी प्रदर्शनात फार प्रेमाने वागला होता, पण त्याच्या गोदामात काय असतं ते मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून मी कुठल्याही स्टॉलवर पाच भागांची नावं लिहिलेला कागद देतो: कंट्रोल बोर्ड, ट्रेची मोटर, कीपॅड किंवा टचस्क्रीन, आतला पंखा, दाराचं कुलूप. प्रत्येकापुढे किंमत आणि आज ऑर्डर दिली तर किती दिवसांत हातात, हे त्यांच्याच हस्ताक्षरात मागतो. बरेच जण ‘मेल करतो’ म्हणतात. करतात ते थोडे, आणि तीच तुमची यादी. इंजिनिअरला एकट्याला गाठून विचारा, ‘या मशीनमध्ये सगळ्यात जास्त काय जातं?’ ‘काहीच जात नाही’ म्हणणाऱ्याला अनुभव नाही किंवा प्रामाणिकपणा नाही. जो म्हणतो, ‘पंखा जातो, मी दोन जास्तीचे देतो,’ त्याचं कार्ड वेगळ्या खिशात ठेवा.

आता सूट. एका प्रकारची सूट खरी असते: मांडलेलं मशीन शेवटच्या दिवशी विकतात ती. ते परत न्यायचा वाहतूक खर्च वाचतो, म्हणून खरोखर कमी दरात देतात. पण ते मशीन आधी चार प्रदर्शनं फिरलेलं असू शकतं, दार हजारदा उघडलेलं. अनुक्रमांकावरून ते कधी बनलं ते विचारा, आणि वॉरंटी आजपासून सुरू होते असं लिहून घ्या. परदेशातून आलेलं असेल तर आणखी एक फाटा. प्रदर्शनाचा माल बऱ्याचदा एटीए कार्नेवर, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या कागदावर, जास्तीत जास्त वर्षभरासाठी शुल्क न भरता आणलेला असतो आणि तो परत जायचा असतो. तिथेच विकायचा म्हटलं तर कस्टमचं शुल्क आणि कागद आले. ते कोण करणार, हे पैसे देण्याआधी ठरवा.

‘आज संध्याकाळपर्यंतच’ वाली सूट सोडून द्या. सहा वर्षांत आमच्याकडे आठवड्याने फोन केलेल्या एकाही खऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही तो दर नाकारला नाही. कोटेशनवर ‘तीस दिवस वैध’ लिहून मागा. दहा एकदम घेऊ नका. एक किंवा दोन घ्या, तुमच्या सगळ्यात त्रासदायक जागी तीन महिने चालवा, आणि उरलेली त्याच दराने मिळतील हे त्याच कोटेशनवर लिहून घ्या. याला तयार न होणारा विक्रेता मला आजवर क्वचित भेटलाय.

दोन दिवसांची आखणी फार करू नका. पहिल्या दिवशी सकाळी कोणाशी न बोलता सगळा हॉल एकदा फिरा, पट्ट्यांचे फोटो काढा. दुपारी पाच-सहा ठिकाणी दारं उघडा. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी आणि रीडरवाला. शेवटचे दोन तास इंजिनिअरांसाठी ठेवा. तेव्हा सेल्सवाले थकून बसलेले असतात, इंजिनिअर मोकळे असतात आणि खरं बोलतात.

राहिला तुमचा स्वतःचा स्टॉल. चौदा काय, चोवीस मशीन असली तरी नको. व्हेंडिंगच्या प्रदर्शनात येतात ते ऑपरेटर, म्हणजे तुमचे प्रतिस्पर्धी. तुम्हाला जागा देणारी माणसं, कार्यालयांचे आणि रुग्णालयांचे व्यवस्थापक, तिकडे फिरकत नाहीत. त्यांची स्वतःची प्रदर्शनं असतात, तिथे एका कोपऱ्यात एक चालू मशीन ठेवलंत तर उपयोग आहे. ठेवायचंच तर रिकामं मशीनही अडीचशे-तीनशे किलोंचं असतं, फोर्कलिफ्ट हॉलवाल्यांचीच घ्यावी लागते आणि रात्री वीज बंद करतात. थंड माल ठेवणार असाल तर चोवीस तासांची वीज आधीच मागून घ्या.

निघण्यापूर्वी एक काम करा. नवी मशीन जिथे जाणार त्या प्रत्येक जागेचं दार, लिफ्ट आणि जिन्याचं वळण टेपने मोजा आणि आकडे वहीत घ्या. मोठ्या मशीनची उंची 183 सेंटिमीटरच्या आसपास असते, खोली ऐंशी-नव्वद, आणि ब्रोशरमध्ये दिलेल्या मापात हँडल, बिजागरी आणि मागची वायर बहुतेक वेळा धरलेली नसते. टेप बॅगेतच राहू द्या आणि स्टॉलवर स्वतः मोजा. माझं एक मशीन जागेच्या दारात दोन सेंटिमीटरसाठी अडलं होतं. शेवटी मशीनचं दार उतरवून आत नेलं, आणि ते परत बसवताना बिजागरीतल्या तारा तुटल्या.